सिव्हिलला घालायचं का? आधी आठ दिवस साइटवर पाठवा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, गणित चांगलं, आणि सिव्हिल इंजिनिअरिंगच करायचं म्हणतो. वडिलांना कॉम्प्युटर हवंय. सिव्हिल म्हणजे धूळ, ऊन आणि तुटपुंजा पगार, असं त्यांचं मत. त्यात जुलै २०२५ मध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल पडला, अभियंते निलंबित झाले. तेव्हापासून घरात ‘असली जोखीम नकोच’ चालू आहे. ‘हा मात्र ट्यूशनहून येताना बुलेट ट्रेनचे खांब बघत सायकल लावून उभा राहतो,’ असं त्या लिहितात.

ताई, नमस्कार.

पगाराचं आधी उरकतो. यजमान म्हणतात ते खरं आहे. सुरुवातीची काही वर्षं कॉम्प्युटरवाला मित्र पुढे दिसेल आणि दिवाळीला सगळे जमले की ते टोचेल. सिव्हिलमध्ये माणूस अनुभवाने महाग होतो, पण तोवर दम धरावा लागतो.

जोखमीचं मात्र उरकता येणार नाही. गंभीरा पूल १९८५ चा, म्हणजे चाळिशीचा होता. त्या वयाचे पूल, पाण्याच्या टाक्या, शाळा आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. त्या तपासणं, कोणती दुरुस्त करायची आणि कोणती बंद करायची हे ठरवणं, हेही सिव्हिलच. तिथे सहीला वजन असतं. म्हणून मी मार्कांपेक्षा एक गोष्ट जास्त बघतो: मुलाला ‘नाही’ म्हणता येतं का?

मी स्वतः सिव्हिलचा, समुपदेशनाकडे नंतर वळलो. नोकरीतला माझा पहिलाच स्लॅब. मे महिना, काँक्रीट घट्ट वाटत होतं. पन्नाशीचा मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, दोन बादल्या पाणी मारू, माल सरकेल.’ पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद उतरते, हे मला परीक्षेत दहा मार्कांना आलं होतं. तरी मी बावीस वर्षांचा पोरगा गप्प बसलो. ताकद तपासायला क्यूब भरतात, म्हणजे त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे. ते २८ दिवसांनी दाबून फोडतात. दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाबापर्यंत टिकायला हवे होते, ते १९ लाच फुटले. मग स्लॅबला भोकं पाडून नमुने काढले, वरच्यांची बोलणी खाल्ली. महिनाभर धड झोप नव्हती.

बडोद्यात हे क्षेत्र दाखवायला लांब जायला नको. पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली की आपण सगळे आजवा धरणाची लेव्हल विचारतो ना? ते मातीचं धरण सयाजीराव महाराजांच्या काळात हाटे नावाच्या अभियंत्याने उभं केलं, आणि १८९२ पासून शहर त्याचं पाणी पितंय. एका रविवारी घेऊन जा त्याला. (यजमानांनाही न्या.)

प्रवेशाचं थोडक्यात. राज्यातल्या मेरिटमध्ये बोर्ड आणि गुजकेट (गुजरातची प्रवेश परीक्षा) निम्मं-निम्मं धरतात, त्यामुळे बोर्डाकडे दुर्लक्ष नको. सुरतेच्या एसव्हीएनआयटीसाठी जेईई मेन. घरून जायचं तर आपलं कलाभवन, म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग, आहेच. १८९० पासूनची परंपरा आणि अंगणातलं कॉलेज. पुढे राज्याच्या नोकरीसाठी जीपीएससी, एम.टेक.साठी गेट, केंद्रासाठी यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिस, हे सगळं तिसऱ्या वर्षी बघू.

त्याआधी एक करा. परीक्षा संपली की आठ दिवस त्याला साइटवर पाठवा. बुलेट ट्रेन नको, साधी चार मजली इमारत चालेल. डबा, टोपी आणि जुने बूट द्या. संध्याकाळी ‘आवडलं का?’ विचारू नका, ‘आज काय झालं?’ विचारा. सळया कमी पडल्या, सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) हललं, मुकादम कुणावर ओरडला, असं तो जेवण थंड होईस्तोवर सांगत बसला, तर प्रवेशाचे पर्याय भरताना, चॉइस फिलिंगला, सिव्हिल पहिलं टाका. ‘ऊन फार होतं’ एवढंच आलं, तर यजमानांचं ऐका.

वाघोडिया रोडला माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराचं काम चालू आहे. सांगाल तर बोलून ठेवतो.