युरियाची गोणी आणि चार वाजताचा रिपोर्ट

पत्र:
ताई, नमस्कार. वय 52. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. तरुणपणी तालमीत जायचो, 50 किलोची युरियाची गोणी एका दमात खांद्यावर घ्यायचो. आता गोणी 45 किलोची झाली आणि मी हमालाला हाक मारतो. उंची साडेपाच फूट, वजन 84. पोट सुटलंय, दंड-मांड्या मात्र वाळल्यात. तीन वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो. 'तशी' इच्छाही राहिली नाही. घोरण्याचं निमित्त करून मंडळी पाच महिन्यांपासून पोरीच्या खोलीत झोपते. मुलाच्या जिममधल्या ट्रेनरने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते पुरुषी हार्मोन, तपासायला लावलं, 262 आलं. तो म्हणतो, "काका, लई कमी आहे. दर दोन आठवड्याला एक सुई घ्या, सहा महिन्यांत गडी तयार." इंजेक्शन तोच आणून देणार आहे. घरात कुणाला बोललो नाही. घेऊ का? रिपोर्टचा फोटो सोबत जोडलाय.
— एक दुकानदार

भाऊ, नमस्कार.

गोणीचं वाचून आधी हसू आलं, राग मानू नका. सरकारने 2018 मध्ये गोणी पाच किलोने हलकी केली तरी ती तुम्हाला जड झाली, हे तुम्ही स्वतःच इतक्या सरळ लिहिलंय की तुमची काळजी वाटण्याआधी तुम्ही आवडलात.

रिपोर्टचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. 262 या आकड्याभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केलाय. ट्रेनरनेच केला असावा. पण वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं कुणी वाचलं नाही: नमुना घेतल्याची वेळ, दुपारी 4.10. म्हणजे तुम्ही मोंढ्यातलं काम आटपून, जेवून, मग रक्त दिलंत. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. वय वाढलं की हा चढउतार कमी होतो, पण संपत नाही. जेवणानंतरही ते खाली येतं. म्हणून ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी करायची, आणि कमी आली तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करायची. दोन्ही वेळा साधारण 300 च्या खाली आली आणि जोडीला त्रासही असेल, तरच डॉक्टर 'कमी आहे' असं म्हणतात. एका दुपारच्या आकड्यावर कुणी दुकानाचा हिशोबही मिटवत नाही.

त्या आकड्यामागे आणखी एक भानगड आहे. पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यात एक एंझाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, करतं. शिवाय लठ्ठपणात आणि शुगरमध्ये हे हार्मोन रक्तातून वाहून नेणारं प्रथिनच कमी होतं, त्यामुळे मोकळं, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं टेस्टोस्टेरॉन बरं असूनही एकूण आकडा खाली दिसतो. मग पोटामुळे आकडा पडला, की आकड्यामुळे पोट सुटलं? दोन्ही एकमेकांना ओढतात. पण आपल्या हातात दोर आहे तो पोटाकडचा. जाड माणसाचं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी उतरलं की टेस्टोस्टेरॉन आपोआप वर चढतं, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. तुमच्या बाबतीत म्हणजे आठ ते बारा किलो.

वाळलेल्या मांड्या आणि सुटलेलं पोट हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं सांगत आलेत, की आपला माणूस वरून बारीक दिसला तरी आतून चरबीचा असतो. म्हणून आपल्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा 90 सेंटिमीटर धरतात. टेलरची टेप बेंबीच्या उंचीवर धरून, पोट आत न ओढता, एकदा मोजा. आरशापुढे उभं राहून मोजू नका, तिथं सगळेच पोट ओढतात.

आता सुईबद्दल. उपचार म्हणून ती वाईट नाही, हे आधी सांगते. ज्याचं शरीर खरोखरच हे हार्मोन बनवत नाही, त्याने ते घेण्यात थायरॉइडच्या गोळीपेक्षा जास्त लाज नाही. 65 च्या पुढच्या 790 पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास 2016 मध्ये आला. त्यात इच्छा काही प्रमाणात वाढली, थकवा मात्र फारसा हटला नाही. स्नायू दोन-तीन किलोंनी वाढतात आणि चरबी तेवढीच उतरते, त्यामुळे काट्यावर वजन जवळपास तेच राहतं. हृदयाची भीती होती, तिच्यासाठी 45 ते 80 वयाच्या, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2023 मध्ये आले: हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी अडकणं आणि किडनीला इजा होणं हे टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत थोडं जास्त दिसलं. हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक अंतराने रक्त तपासत झालेलं होतं. जिमच्या लॉकरमधून निघणाऱ्या सुईला हे आकडे लावता येत नाहीत.

लॉकरमधली सुई मी घरात पाहिलीय. माझ्या धाकट्या दिराने अशीच कुणाच्या तरी सांगण्यावरून सुरू केली होती. पहिले दोन महिने स्वारी खुशीत. मग तोंड लालबुंद, डोकं जड, प्रेशर वाढलेलं. रक्त तपासलं तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, 57. म्हणजे रक्त पिठल्यासारखं घट्ट झालेलं. 54 च्या वर गेलं की डॉक्टर औषध थांबवतात. त्याला बाटलीभर रक्त काढून घ्यावं लागलं. सुई बंद केली तर आणखी एक फजिती: बाहेरून हार्मोन येत होतं म्हणून शरीराने स्वतःचा कारखाना बंद केला होता, तो पुन्हा सुरू व्हायला कितीतरी महिने गेले. तेवढे दिवस तो आधीपेक्षा जास्त पडून राहिला. तुमच्या मुलालाही हे ऐकवा. त्याच्या वयात ही सुई वीर्यातले शुक्राणू पार शून्यावर आणू शकते, आणि 'ताकदीचं इंजेक्शन' देणारे हे कधी सांगत नाहीत. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध आहे. ट्रेनरकडे ते कुठून येतं, हे त्याला जरूर विचारा.

(गमतीची गोष्ट म्हणजे हा मोह नवा नाही. 1889 मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या 72 वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झालो, जिने धडाधड चढतो, असं भर सभेत सांगितलं. त्या अर्कात परिणाम व्हावा इतकं हार्मोन असणंच शक्य नव्हतं. म्हाताऱ्याला जिने चढवले ते त्याच्या खुशीने.)

तर डॉक्टरकडे जा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची ओपीडी आहे, किंवा एखादे हार्मोनतज्ज्ञ गाठा. सकाळचं टेस्टोस्टेरॉन खरंच कमी निघालं तर ते एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन हे मेंदूतल्या ग्रंथीतून येणारे हार्मोन बघतील, म्हणजे बिघाड वृषणात आहे की त्या ग्रंथीत ते कळतं. तीन महिन्यांची शुगर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही करून घ्या. तुमची शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर बी-12 विसरू नका, ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 उतरू शकतं आणि माणूस असाच गळून जातो. सुई सुरू करायचीच ठरली, तर आधी प्रोस्टेटची पीएसए तपासणी, आणि नंतर तीन-तीन, सहा-सहा महिन्यांनी रक्त. 'तशी' अडचण फक्त इच्छेची आहे, की इच्छा होऊनही जमत नाही, हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. शुगर असलेल्या माणसाला ताठरता येत नसेल तर पुष्कळदा दोष रक्तवाहिन्यांचा असतो, आणि हृदयाच्या वाहिन्यांचा तो आधीच आलेला निरोप असू शकतो. लाजून हा निरोप परत पाठवू नका.

खाण्याचं तुम्ही पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलंय: सकाळी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता), दिवसभरात सहा चहा, दुपारी दोन भाकरी आणि पातळ वरण, रात्री भात. मी कागदावर मांडून पाहिलं. एका चहात दोन चमचे साखर धरली तरी दिवसाला बारा चमचे झाली, आणि प्रथिनं मात्र जेमतेम 40 ग्रॅमपर्यंत जातात. तुमच्या वयात, स्नायू टिकवायचे तर किलोमागे एक ग्रॅम तरी हवं. किडनी ठीक असल्याची खात्री डॉक्टरकडून झाली की 75-80 पर्यंत न्या. दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम. वरण पातळ नको, चमचा उभा राहील असं घट्ट करायला सांगा. आणि भाऊ, तुम्ही सोयाबीनचं बियाणं विकता! अख्खा लातूर जिल्हा सोयाबीन पिकवून मोंढ्यात घालतो आणि ताटात एक दाणा घेत नाही. 50 ग्रॅम सोयावडीत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ट्रेनर म्हणेल की सोयाने बाईपण येतं. आजवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन त्याने उतरत नाही. बियाण्याच्या पिशवीतलं मात्र घरी नेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता.

व्यायामाला तालीम शोधत बसू नका. नुसत्या चालण्याने शुगर सुधारेल, मांड्या भरणार नाहीत. त्यांना वजन लागतं. दुकानातल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, थोडं थांबून पुन्हा, असं तीनदा. काउंटरवर हात टेकून जोर. पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन दोन्ही हातात घेऊन गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. आठवड्यातून तीन दिवस, दर पंधरवड्याला थोडं वाढवत. श्वास कोंडू नका, आणि सुरू करण्याआधी प्रेशर मोजून घ्या. जुने जोर-बैठका आठवून पहिल्याच दिवशी पन्नास मारायला जाल तर आठवडाभर गल्ल्यावरही बसवणार नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र तीनदा वाचलं. वहिनी घोरण्याचं 'निमित्त करून' दुसऱ्या खोलीत गेल्या, असं तुम्ही लिहिता. तुम्हाला वाटतंय की तुमच्यात काही उरलं नाही म्हणून त्या गेल्या. पण भाऊ, पोट सुटलेला, घोरणारा, दुपारी गल्ल्यावर पेंगणारा, शुगर असलेला माणूस म्हणजे स्लीप ॲप्नियाचं पुस्तकातलं चित्र. झोपेत घसा मिटतो, श्वास काही सेकंद थांबतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे रात्रभर चालतं. आठ तास पडूनही झोप होत नाही. तरण्याताठ्या मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर त्यांचंही टेस्टोस्टेरॉन दहा-पंधरा टक्क्यांनी उतरलं, असं 2011 च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. आणि ॲप्निया न तपासता टेस्टोस्टेरॉन टोचलं तर तो आणखी बिघडू शकतो.

तुमचा श्वास थांबतो की नाही, हे तुम्हाला कळणार नाही आणि ट्रेनरला तर नाहीच. पंचवीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसालाच ते माहीत असतं. कदाचित त्या कित्येक रात्री तुमचा श्वास परत येण्याची वाट बघत जागल्या असतील आणि शेवटी थकून पोरीच्या खोलीत गेल्या असतील. आज दुकान लवकर बंद करा, पोरं झोपल्यावर दोघांसाठी चहा मांडा, बिनसाखरेचा, आणि एवढंच विचारा: "मी झोपेत मध्येच श्वास घ्यायचा थांबतो का गं?"

त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.

तुमची ताई