सरवा वेचणारे मासिक

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत 'चर्च मिशनरी ग्लीनर' या इंग्रजी मासिकाचा नाशिकच्या शाळेचे चित्र असलेला एक अंक आणि 'ज्ञानोदय'चे काही जुने अंक मिळाले. आमचे कुटुंब आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे सभासद आहे. ही दोन्ही नियतकालिके एकाच मिशनची होती का? घरात 'चर्च टाइम्स'चेही नाव निघते. तेही मिशनचेच पत्र का?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : नाही; आणि तिसरे तर मिशनचे पत्रच नव्हते. आपल्याला ती एका घरची वाटतात, याचे कारण २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) मंडळी आणि अमेरिकन मिशनच्या परंपरेतील मंडळी एकत्र आल्या. एकोणिसाव्या शतकात मात्र त्यांच्या चुली वेगळ्या होत्या.

'ग्लीनर' हे १७९९ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या, अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे मासिक. ग्लीनर म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेला सरवा वेचणारा, आणि हे नाव फार नेमके आहे, कारण जगभरच्या मिशनऱ्यांच्या पत्रांतून आणि रोजनिशींतून वेचलेले उतारे हाच त्याचा मुख्य ऐवज असे. या प्रथेची सुरुवात त्याआधीची आहे. सोसायटीचे चिटणीस जोसाया प्रॅट यांनी १८१३ मध्ये 'मिशनरी रजिस्टर' काढले आणि १८१६ पासून आठवड्याला एक पेनी वर्गणी देणाऱ्या सामान्य इंग्रज कुटुंबांसाठी सचित्र त्रैमासिक पत्रके निघू लागली. धोरण आणि राजकारण यांची गंभीर चर्चा करणारे 'चर्च मिशनरी इंटेलिजेन्सर' हे मासिक १८४९ चे. ही सारी नियतकालिके छापली गेली ती इंग्लंडमधल्या देणगीदारांसाठी. आपल्या अंकातले नाशिक नाशिककरांसाठी छापलेलेच नव्हते. म्हणूनच कोणता प्रसंग निवडला गेला, याकडे अधिक लक्ष द्यावे. उदाहरणार्थ, नाशिकजवळच्या शरणपूर येथे सोसायटीने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना शिकवले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत सहभागी झाला. इंग्रज वाचकाच्या मनाला भिडणारी अशी कथा शरणपूरच्या रोजच्या जगण्याहून अधिक छापली जाणार, हे उघड आहे.

'ज्ञानोदय'ची जात वेगळी. जून १८४२ मध्ये ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने सुरू केले. हेन्री बॅलन्टाइन हे त्याचे पहिले संपादक, आणि काही वर्षांतच ते मुंबईतून निघू लागले. ते मराठी वाचकाला उद्देशून होते, त्यामुळे त्याला मराठीतच उत्तरे मिळाली. मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये 'उपदेशचंद्रिका' हे मासिक मिशनऱ्यांच्या खंडनासाठीच काढले. पुढे बाबा पदमनजींसारखे मराठी ख्रिस्ती लेखक 'ज्ञानोदय'च्या संपादनात आले. मुंबईत अँग्लिकन बिशपचे पीठ १८३७ पासून होते, तरी मराठी घरांत सर्वांत खोल रुजलेले ख्रिस्ती पत्र अमेरिकनांचे ठरले, ही गोष्ट मला नेहमीच लक्षणीय वाटते.

'चर्च टाइम्स' हे जॉर्ज पामर यांनी ७ फेब्रुवारी १८६३ रोजी लंडनला काढलेले साप्ताहिक, आणि त्याचा जन्म इंग्लंडमधल्या चर्चच्या अंतर्गत भांडणातून झाला. बायबल आणि व्यक्तिगत श्रद्धा यांवर भर देणाऱ्या इव्हॅन्जेलिकल पक्षाचे 'रेकॉर्ड' १८२८ पासून चालू होते. जुन्या परंपरा आणि विधी यांना महत्त्व देणाऱ्या उच्च चर्चवाल्यांचे 'गार्डियन' १८४६ मध्ये आले (मँचेस्टरच्या सुप्रसिद्ध 'गार्डियन'शी त्याचा संबंध नाही). वृत्तपत्रांवरील मुद्रांक शुल्क १८५५ मध्ये आणि कागदावरील कर १८६१ मध्ये रद्द झाल्यावर एका पेनीत पत्र विकणे परवडू लागले, आणि उपासनाविधीत वेदीवरच्या मेणबत्त्या नि झगमगीत वस्त्रे हवीत, असे मानणाऱ्या पक्षाला 'चर्च टाइम्स'च्या रूपाने स्वतःचे स्वस्त पत्र मिळाले.

आपल्याकडचा 'ग्लीनर' वाचताना एक पथ्य पाळावे. अंकावरची तारीख ही घटनेची तारीख नव्हे. पत्र बोटीने जायचे, कार्यालयात निवडले जायचे, मग छापले जायचे. मूळ पत्रे बर्मिंगहॅम विद्यापीठातील सोसायटीच्या दप्तरात आहेत, आणि नाशिकच्या शाळेविषयीचा आपल्या अंकातील मजकूर त्यांच्याशी ताडून पाहिला, तर संपादकाने काय गाळले, तेही आपल्याला कळू शकेल.