पाटा विकेटवर दिवसभर राबलेल्या मुलास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. दिवसभर धावून एकही बळी नाही, आणि दुसऱ्या दिवशी कप्तानाने चेंडू सरळ फिरकीवाल्यांच्या हाती दिला. हे किती लागतं ते मला कळतं. विकेट पाटा होती, म्हणजे खेळपट्टी गोलंदाजाला काहीच मदत न करणारी, हे तू तीनदा लिहिलंयस. होतीच, मी धावफलक पाहिला. पण आपल्याकडे गोलंदाजी करायची म्हणजे आयुष्यातले निम्म्याहून जास्त दिवस अशाच विकेटवर जाणार. गवत असलेल्या हिरव्या विकेटची वाट बघत बसलास तर वय निघून जाईल.

२०१० च्या फेब्रुवारीतली नागपूरची कसोटी शोधून बघ. जामठ्याची विकेट. झहीरने पहिल्या काही षटकांतच दोन बळी घेतले, आणि त्यानंतर दक्षिण आफ्रिकेने सहा बाद ५५८ वर डाव घोषित केला. आमला नाबाद २५३, कॅलिस १७३. आपल्या गोलंदाजांच्या हाती काही लागेना. त्याच विकेटवर त्यांचा डेल स्टेन आला आणि ५१ धावांत सात बळी घेऊन गेला. सुरुवातीला मुरली विजयला त्याने बाहेर जाणारे चेंडू टाकत ते न खेळता सोडायची सवय लावली आणि मग एक आत आणला. विजयने तोही सोडला आणि तो यष्टीवर गेला. पण खरं बघण्यासारखं आहे ते नंतरचं. सेहवागचं शतक झालेलं, भारत चार बाद २२१, चेंडू जुना, ऊन कडक. तिथून सगळा संघ २३३. बारा धावांत सहा बळी, आणि त्यातले बहुतेक स्टेनचे. विकेट तासाभरात बदलली नव्हती. जुना चेंडू हवेत उलटा वळायला लागला होता, म्हणजे रिव्हर्स स्विंग, आणि स्टेन तो दांड्यांवर टाकत होता.

तुझी चूक नेमकी इथे होते असं मला वाटतं. नव्या चेंडूने तू ज्या टप्प्यावर टाकतोस, तोच टप्पा तू चाळिसाव्या षटकातही धरून ठेवतोस आणि बॅटची कड लागायची वाट बघतोस. पाटा विकेटवर कड लागली तरी चेंडू बहुतेकदा स्लिपपर्यंत, म्हणजे यष्टिरक्षकाशेजारच्या क्षेत्ररक्षकापर्यंत, पोहोचत नाही, पुढेच पडतो. अशा दिवशी मुख्यतः दोनच रस्ते उरतात, त्रिफळा नाहीतर पायचीत. त्यासाठी चेंडू पुढे पडायला हवा, हवेत जास्त वेळ राहायला हवा, आणि फलंदाजाने तो नाही खेळला तर दांडीला लागायला हवा.

रिव्हर्स स्विंग नशिबाने होतो असं समजू नकोस. नवा चेंडू शिलाईच्या रोखाने वळतो. एक बाजू खरबरीत आणि दुसरी गुळगुळीत झाली की वेगाने टाकलेला तोच चेंडू चमकदार बाजूकडे वळतो, आणि वळतो तोही उशिरा. पण ती एक बाजू कोरडी राहायला हवी. म्हणजे हे काम अकरा जणांचं आहे. घामेजल्या हाताने कुणी चेंडू तळव्यात दाबून धरला की अर्ध्या तासाची मेहनत वाया. आता लाळ लावायला बंदी आहे, आयसीसीने २०२० मध्ये तात्पुरती आणली आणि २०२२ मध्ये कायम केली. म्हणून घाम कोण लावणार आणि कुठल्या बाजूला, हे सामन्याआधी ठरवा. एकाच माणसाकडे ते काम द्या. बाकीच्यांनी चेंडू शिलाईला धरून त्याच्याकडे द्यायचा. नख, झाकण, बुटाचा खिळा, किंवा मुद्दाम जमिनीवर आपटून फेकणं, यातलं काही कुणी सुचवलं तर तिथेच नाही म्हण. नियमात ती फसवणूक आहे, आणि आपल्या कोरड्या मैदानांवर चेंडू तसाही आपोआप खरबरीत होतो. इम्रान खानने १९८२ च्या डिसेंबरात कराचीला आपल्याविरुद्ध ६० धावांत आठ बळी घेतले, ते याच कलेवर. तिथली विकेटही गोलंदाजाला फार काही देणारी नव्हती.

चेंडू वळायला लागला की हात लपव. आपल्या श्रीरामपूरच्या झहीरचे जुने व्हिडिओ लाव. रन-अपमध्ये तो दुसऱ्या हाताने चेंडू झाकून आणायचा, कारण चमक कुठल्या बाजूला आहे हे फलंदाजाला दिसलं तर निम्मं काम बिघडतं. कसोटीत ३११ बळी त्याने घेतले, आणि त्यातले कितीतरी आपल्या इथल्या रटाळ विकेटवरचे. मग बुमराहचा २०२४ चा इंग्लंडविरुद्धचा विशाखापट्टणमचा स्पेल, म्हणजे सलग टाकलेली षटकं, बघ, ४५ धावांत सहा. ओली पोपची यष्टी उडवणारा यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी पडणारा चेंडू, सगळ्यांना आठवतो. मला त्याआधीचा रूटचा बळी जास्त शिकवणारा वाटतो. चेंडू आत येणार म्हणून रूट तयारीत होता आणि एक बाहेर निघाला. थेट स्लिपच्या हातात. यॉर्कर त्याच्यानंतर आला. तुझ्याकडे बुमराहचा वेग नसेल, पण फलंदाजाच्या मनात काय चाललंय हे वाचायला वेग लागत नाही.

इंग्लंडच्या अँडरसनला तर अडतिसाव्या वर्षी कुठला वेग? चेन्नई, फेब्रुवारी २०२१. इंग्लंडने पहिल्या डावात ५७८ केलेले. शेवटच्या दिवशी त्याने एकाच षटकात शुभमन गिल आणि अजिंक्य रहाणे दोघांचे त्रिफळे उडवले. थोड्या वेळाने पंत शॉर्ट कव्हरला, म्हणजे ऑफ साइडला फलंदाजाच्या जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाला, झेल देऊन गेला. ती शॉर्ट कव्हरची जागा लक्षात ठेव. चेंडू थांबून येत असेल तर ड्राइव्ह हवेत जातो, आणि तिथे माणूस नसेल तर तू फक्त कपाळाला हात लावून परत फिरतोस.

आता रिव्हर्सही होत नाही आणि नवा चेंडूही गेला, असे मधले तास. विसाव्या षटकापासून पन्नासाव्यापर्यंतचे. इथेच तू हरतोस. रावळपिंडीला डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंडने पहिल्याच दिवशी चार बाद ५०६ धावा केल्या, यावरून विकेट कशी असेल ते समज. तिथेही पाकिस्तानच्या दुसऱ्या डावात अब्दुल्ला शफीक आणि बाबर आझम हे दोघेही आखूड चेंडूंना बळी पडले. स्टोक्सने लेग साइडला क्षेत्ररक्षक पेरले होते, बाउन्सरचा मारा उघड होता, लपवाछपवी नव्हती. त्या डावात अँडरसन आणि रॉबिन्सनने प्रत्येकी चार बळी घेतले, त्यातले बरेचसे जुन्या चेंडूवर, आणि इंग्लंडने ७४ धावांनी सामना काढला. अँडरसन तेव्हा चाळीस वर्षांचा. विकेट काही देत नव्हती, म्हणून त्यांनी कोन, टप्पा आणि क्षेत्ररचना बदलत ठेवली. तूही तेच कर. क्रीझच्या टोकाला जाऊन टाक, मग राउंड द विकेट, म्हणजे यष्टीच्या दुसऱ्या बाजूने, ये. चार षटकं ऑफस्टंपच्या जरा बाहेर, एकही फुकट चौकार न देता. धावा अडल्या की फलंदाज स्वतः काहीतरी करायला बघतो. बाउन्सर टाकायचा तर छातीच्या उंचीचा टाक, डोक्यावरून गेलेल्याने कुणी घाबरत नाही. कटरची, म्हणजे बोटं फिरवून टाकलेल्या चेंडूची, सवय मात्र बेताने. दर षटकात टाकलास तर फलंदाज वाट बघत बसतो.

आणि स्पेल लहान ठेव. पाचव्या षटकाला तुझा वेग उतरतो, हे तुलाही जाणवत असेल. कप्तानाला आधीच सांग, चार चार षटकं देत जा, पण चेंडू जुना झाल्यावर मला विसरू नकोस. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

पुढच्या आठवड्यात नेटवर येताना एक चाळीसेक षटकं वापरलेला एसजी कंपनीचा चेंडू घेऊन ये. नवा आणू नकोस. यॉर्करच्या जागी बूट ठेवू, आणि तुझ्या बरोबरच्या दोन फलंदाजांनाही बोलव, खऱ्या बॅटसमोर टाकायचंय.