पोरगी रविवारी कॅमेरा खोलते, मोबाइलवर बोलत बसते. बंद करावं का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. शास्त्रज्ञ व्हायचं म्हणते. पण रविवार आला की मामाचा जुना बंद कॅमेरा खोलून बसते, नाहीतर कापसाच्या खोलीत दार लावून मोबाइलवर ‘विज्ञानाचा कार्यक्रम’ रेकॉर्ड करते. इंटरनेटवर कुण्या शास्त्रज्ञाचं पाहिलं म्हणे, तो पॉडकास्टही करतो आणि कॅमेरेही खोलतो. परवा मलाच विचारत होती, “बाबा, हंगाम संपल्यावर पऱ्हाटी तशीच राखून फरदड काहून घेऊ नये म्हणतात? फोनमध्ये सांगा.” मी रागावलो. आम्ही कास्तकार माणसं. हे सगळं बंद करावं का?
– एक पालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार भाऊ,

बंद करू नका.

कारणं सांगतोच, पण आधी एक तातडीची गोष्ट. त्या कॅमेऱ्याला फ्लॅश असेल तर तो उघडणं आज थांबवा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, 300 व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो आणि सेल काढून ठेवले तरी तो लगेच उतरत नाही. बोट लागलं तर जबर झटका बसतो. तालुक्याला टीव्ही दुरुस्त करणारा कुणी ओळखीचा असेल, त्याच्याकडे तिला घेऊन जा आणि कपॅसिटर रिकामा कसा करतात ते त्याच्या हाताखाली शिकू द्या. तोवर एखादा जुना वेबकॅम मिळवून द्या. तो कॉम्प्युटरच्या 5 व्होल्टवर चालतो, त्यात हे भय नाही.

वेबकॅममध्ये तिला काय सापडेल तेही सांगतो. भिंग काढलं की मागे नखाएवढी काच दिसते, तिरपी धरली तर तांबूस चमकते. सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही त्याला दिसतो. तो अडवायला ही काच असते. ती काढायची, तिच्या जागी रंगीत फोटोच्या जुन्या निगेटिव्हचा पूर्ण काळा तुकडा लावायचा आणि कॅमेरा उन्हातल्या कापसाच्या झाडाकडे, आपल्या पऱ्हाटीकडे, फिरवायचा. हिरवीगार पानं पांढरी दिसतात! पान लाल प्रकाश खातं आणि अवरक्त परत फेकतं. पीक सुकायला लागलं की हे प्रमाण बिघडतं. उपग्रहावरून पिकाची तब्येत ओळखतात ती याच हिशेबावर. हे काम करणारं राज्य सरकारचं सुदूर संवेदन केंद्र आपल्या नागपूरलाच आहे. जी तुम्हाला मोडतोड वाटत असेल त्यातून ती इथवर पोचू शकते.

आणि कापसाची खोली! ती तिथंच का बसते, हे तिला कधी विचारलंत का? मोकळ्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो. कापसाच्या तंतूंमध्ये तो शिरतो आणि तिथंच जिरतो. रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत भिंतींना मऊ, सच्छिद्र थर लावतात तो यासाठीच. तिनं हे कुणाकडून ऐकलं असेल किंवा चार जागी बसून स्वतः पाहिलं असेल. स्वतः पाहिलं असेल तर, भाऊ, मला तुमच्या मुलीचा फार आनंद वाटतो.

सी. व्ही. रामन कोलकात्यात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते आणि संशोधन ऑफिस सुटल्यावर करायचे. तबला-मृदंगाच्या शाईमुळे नाद सुरेल कसा होतो, यावर त्यांनी 1920 मध्येच लिहिलं. नोबेल मिळालं 1930 साली, ते प्रकाशाच्या कामाला, पण तबल्याकडे कान लावणारा माणूस तोच. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावानं कथा पाठवली आणि पहिला नंबर काढला. तेव्हा ते नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेनं पुढे सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण बनवली आणि 2 सप्टेंबर 2023 ला ती आदित्य-एल1 या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय यानाबरोबर अवकाशात गेली. अशा ठिकाणी गणित येणारी माणसं लागतात, तशीच स्क्रू, भिंग आणि सेन्सर हाताळलेलीही लागतात.

आता कडू भाग. प्रवेश परीक्षेत कुणी पॉडकास्ट ऐकत नाही. आयसर या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था, त्यांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र चारही विषय येतात, म्हणून तिचं गणित सुटलेलं नाही ना, हे कॉलेजात जाऊन बघा. तिथं पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. ते जमलं नाही तर अमरावती किंवा नागपूरहून बीएस्सी करून ‘जॅम’ परीक्षेनं आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, आणि ही वाट मला मुळीच कमी वाटत नाही. पैशाची धास्तीही तुमच्या मनात असेल. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. पण तिथवर पोचायला सहा-सात वर्षं लागतील, हे घरात आजच बोलून ठेवा.

म्हणून रविवारची दुपार तिची, बाकीचे दिवस अभ्यासाचे. एक वही मात्र द्या. काय उघडलं, काय बिघडलं, पुन्हा जोडलं का, ते तिनं तारीख घालून लिहावं. वही तपासायला मागू नका. आणि कृपा करून या छंदाला लगेच स्पर्धेत उतरवू नका. बक्षिसासाठी पोरं मग बक्षीस मिळेल तेवढंच करतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

राहिला तिचा प्रश्न. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की तिचं भोक बुजून जातं, बोंड वरून साबूत दिसतं. फरदड ठेवली की अळीला खायला मिळत राहतं आणि तिची साखळी पुढच्या हंगामापर्यंत तुटत नाही. ही माहिती पुस्तकात सापडेल. पण डोमकळी, म्हणजे अळी लागून न उमललेलं फूल, झाडावर कशी ओळखायची, मादीच्या वासानं पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सकाळी किती पतंग पडलेले असतात, बोंडअळीच्या त्या 2017 साली वेचणीला बोंडं फोडली तेव्हा आत काय निघालं, हे तुमच्या तालुक्यातला कास्तकारच सांगू शकतो. तिनं फोन तुमच्यापुढे धरला तो त्यासाठी. या रविवारी कापसाच्या खोलीत तिच्याजवळ बसा आणि सांगा. जमल्यास ते रेकॉर्डिंग मला पाठवा, मला ऐकायचं आहे.