अमावस्येचा विधी ख्रिस्ती आणि पेगन अशी दोन्ही अंगे सांभाळून घरी करायचा असेल तर कसा मांडावा?

येशूवरची श्रद्धा आणि चर्चला जाणे सुटलेले नाही, पण चंद्राच्या कलांशी जोडलेल्या पेगन, म्हणजे ख्रिस्तीपूर्व निसर्गपूजक परंपरेतल्या, विधींची ओढ वाटते. मग दोन्ही धरून अमावस्येला घरी नेमके काय करावे आणि कुठे चुकते, असे तुम्ही विचारले आहे.

चूक बहुतेक वेळा साहित्यात नसते, विभक्तीत असते. ‘चंद्राला मागणे’, ‘चंद्राबद्दल आभार मानणे’ आणि ‘चंद्राखाली उभे राहून देवाला मागणे’ ही तीन वेगळी कामे आहेत. मेणबत्ती, पाणी आणि ऊद तिन्हींत सारखेच असतात, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. तुमच्या विधीतले प्रत्येक वाक्य कागदावर लिहा आणि ते कोणाला उद्देशून आहे ते समासात नोंदवा. निम्मी वाक्ये देवाला, दोन चंद्राला, एक ‘विश्वाला’ आणि एक कोणालाच नाही असे निघाले, तर विधी अजून तयार झालेला नाही.

असिसीच्या फ्रान्सिसने १२२५ च्या सुमारास रचलेल्या सृष्टिस्तोत्रात चंद्राला ‘बहीण’ म्हटले आहे. तिथे मूळ इटालियनमध्ये ‘पेर’ हे अव्यय येते. त्याचा अर्थ ‘च्यासाठी’ घ्यायचा की ‘च्याद्वारे’, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण हाक मात्र जवळजवळ प्रत्येक कडव्यात ‘माझ्या प्रभू’ अशीच आहे. चंद्र घरातला झाला, तरी प्रार्थना त्याच्याजवळ थांबली नाही.

दुसरा नमुना स्कॉटलंडच्या बॅरा बेटावरचा. अलेक्झांडर कारमायकल यांनी तिथल्या लोकांकडून जमवून १९०० मध्ये छापलेल्या संग्रहात नव्या चंद्राची प्रार्थना आहे. कोर प्रथम दिसली की बायका गुडघे लववून नमस्कार करीत, पुरुष टोपी काढून वाकत, आणि तोंडी शब्द असत पवित्र आत्मा, पिता आणि येशू यांच्या नावाचे. देहबोली जुनी, आवाहन ख्रिस्ती. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी हीच विभागणी सुचवेन.

काही जण स्वतःला ख्रिस्तो-पेगन म्हणवतात आणि येशूबरोबर एखाद्या देवीचीही उपासना मनापासून करतात. त्यांनी निदान दोघांना एका वाक्यात बसवू नये. विधीचे दोन स्वतंत्र भाग करावेत आणि मध्ये स्पष्ट विराम ठेवावा. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाला जोडून देवीचे नाव घेणे चर्चला जितके खटकते, तितकेच ते ग्रीक किंवा अन्य प्राचीन परंपरा काटेकोर पाळणाऱ्या पेगनांनाही खटकते.

आता दिवस. ‘नवा चंद्र’ म्हणताना लोक दोन वेगळ्या रात्री एकत्र करतात. अमावस्येला चंद्र सूर्याच्या दिशेला असतो आणि दिसत नाही. कोर बहुधा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिसते. अमावस्येच्या क्षणानंतर साधारण २० तास उलटल्याशिवाय नुसत्या डोळ्यांना ती सापडणे फार अवघड. प्राचीन ग्रीकांनी हा फरक नीट जपला होता. महिन्याच्या शेवटच्या, अंधाऱ्या रात्री तिठ्यावर हेकाटी या देवीसाठी जेवण ठेवत, आणि कोर दिसली की ‘नूमेनिया’ म्हणजे नव्या महिन्याचा पहिला दिवस पाळत. बायबलमधला चंद्रदर्शनाचा सण हाही महिन्याच्या आरंभाचा सण आहे. गणनाच्या २८ व्या अध्यायात त्या दिवशीच्या होमबलीसाठी २ गोऱ्हे, १ मेंढा आणि ७ कोकरे सांगितली आहेत, आणि ८१ व्या स्तोत्रात त्या दिवशी शिंग फुंकायला सांगितले आहे.

म्हणून विधी दोन रात्रींत तोडा. अंधाऱ्या रात्री सोडणे, कोरीच्या संध्याकाळी मागणे. एकाच रात्री दोन्ही कोंबले की माणूस पश्चात्तापावरून उडी मारून मागण्यांच्या यादीवर येतो, आणि पहिले काम अर्धवट राहते. पंचांगात किंवा मोबाइलवर अमावस्येचा क्षण पाहताना तो तुमच्या स्थानिक वेळेत आहे का, हे तपासा. ग्रीनिचची वेळ स्थानिक समजून अख्खा दिवस चुकणे नेहमीचे आहे.

अंधारी रात्र अशी. साहित्य: १ जाड पांढरी मेणबत्ती, खाली बशी, वाटीभर म्हणजे सुमारे २०० मिली पाणी, चिमूटभर मीठ, पोस्टकार्डाच्या चौथाईएवढा साधा कागद, शाईचे पेन, बायबल. दिवे मालवून ३ मिनिटे काळोखात बसा. घड्याळ लावा, कारण काळोखातली ३ मिनिटे १० वाटतात आणि लोक पहिल्याच मिनिटात मेणबत्ती पेटवतात. मग क्रूसाची खूण करा, मेणबत्ती लावा आणि स्तोत्र १३९ मधील ७ ते १२ ही वचने मोठ्याने वाचा. देवापुढे काळोखही काळोख उरत नाही, हा त्यांचा गाभा आहे.

पाण्यात मीठ घाला. कॅथलिक विधीतही पवित्र पाण्यात आशीर्वादित मीठ मिसळण्याची रीत आहे, त्यामुळे इथे दोन्ही परंपरा सहज भेटतात. पण ते आशीर्वादित करणे याजकाचे काम आहे. तुमच्या वाटीतले पाणी खुणेचे आहे, तसेच म्हणा. कागदावर जे सोडायचे ते एका ओळीत लिहा: राग, सवय, भीती, काहीही. मग कागद त्या पाण्यात बुडवा आणि शाई विरघळताना पाहत राहा. बॉलपेनची आणि कायमस्वरूपी शाई विरघळत नाही. फाउंटन पेनची धुतली जाणारी शाई लागते. शेवटी पाणी मोरीत ओता. कुंडीत नको, मिठाने रोप मरते.

कागद जाळण्याचा आग्रह असेल तर उघड्यावर, धातूच्या भांड्यात ३ सेंटीमीटर वाळू घालून जाळा. घरात जाळलेला कागद अर्धवट पेटून वर उडतो, तेव्हा पडदे जवळ असतात. कॅथलिकांनी हे पापनिवेदनाच्या संस्काराऐवजी करू नये. त्याआधीची तयारी म्हणून मात्र ते उत्तम चालते.

कोरीच्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर २० ते ४० मिनिटांनी पश्चिमेला, क्षितिजाजवळ पाहा. सूर्य पुरता मावळण्याआधी दुर्बीण लावू नका, डोळे कायमचे जाऊ शकतात. उत्तर गोलार्धात कोरीची उजवी बाजू उजळते, दक्षिण गोलार्धात डावी, आणि विषुववृत्ताजवळ ती होडीसारखी आडवी दिसते. विधीची बहुतेक पुस्तके उत्तरेकडच्या लोकांनी लिहिली आहेत. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्याने विधीत ‘सूर्याच्या चालीने’ वर्तुळात फिरायचे तर घड्याळाच्या उलट फिरावे लागते, आणि अग्नीची दिशाही दक्षिणेऐवजी उत्तर होते.

कोर दिसली की वाका किंवा हात जोडा आणि हाक प्रभूला द्या. शब्द असे असू शकतात: “प्रभू, काळ मोजायला तू नेमलेल्या या चंद्राखाली मी तुझ्यापुढे उभी आहे. त्याचा उजेड त्याचा नाही, माझाही माझा नाही. हा महिना तुझ्या हाती.” यातले ‘चंद्राखाली’ आणि ‘तुझ्यापुढे’ हे दोन शब्द अख्खा विधी पेलतात. उजेड उसना असल्याची कल्पना चर्चचीच आहे: चौथ्या शतकातल्या अँब्रोजने चर्चला चंद्राची उपमा दिली, कारण तेही स्वतःच्या नव्हे तर ख्रिस्ताच्या प्रकाशाने उजळते आणि कलेकलेने घटते-वाढते.

आत येऊन मेणबत्ती लावा. चार दिशांना हाक घालायची असेल तर एक गोष्ट जाणून घ्या. पूर्वेला राफाएल, दक्षिणेला मिखाएल, पश्चिमेला गाब्रिएल, उत्तरेला उरीएल ही सर्वत्र दिसणारी मांडणी प्राचीन चर्चची नाही. ती लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्या मंडळाच्या विधीतून पसरली. कॅथलिक चर्च नावानिशी तीनच महादूत मानते, त्यात उरीएल नाही. राफाएल तोबितच्या ग्रंथात येतो आणि तो ग्रंथ प्रोटेस्टंट बायबलात नाही. मला यापेक्षा चार शुभवर्तमानकार, म्हणजे बायबलात येशूचे चरित्र सांगणारे चौघे, त्यांच्या चिन्हांसह बरे वाटतात: मत्तय मनुष्य, मार्क सिंह, लूक बैल, योहान गरुड. मनुष्य वायूशी, सिंह अग्नीशी, बैल पृथ्वीशी आणि गरुड पाण्याशी सहज जुळतो. प्रत्येक दिशेला त्या त्या शुभवर्तमानातले एक वचन वाचले की पुरे. विक्का या आधुनिक पेगन पंथात ९ फूट व्यासाचे वर्तुळ सांगतात. एकट्याला हात पसरून फिरता येईल एवढी जागा बस्स झाली.

मग मागणे लिहा, जास्तीत जास्त ३. प्रत्येकाच्या तीन ओळी: मी काय मागते, पौर्णिमेपर्यंत मी स्वतः काय करीन, आणि काय देवावर सोडते. तिसरी ओळ गाळू नका. मंत्रतंत्र आणि प्रार्थना यांची सीमारेषा तीच आहे. तंत्र निकाल बांधून घेते. गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना ‘माझी नव्हे, तुझी इच्छा’ असे म्हणून तो मोकळा ठेवते. दुसऱ्या माणसाने कसे वागावे हे मागू नका. ‘अमक्याने माझ्यावर प्रेम करावे’ हे दुसऱ्याच्या इच्छेवर हात टाकणे आहे आणि विक्काची ‘कोणाला इजा नको’ ही शिकवणही त्याला आड येते.

शेवटी भाकरी किंवा पावाचा तुकडा, थोडा मध आणि पाणी. पेगन विधीत खाणे-पिणे शेवटी येते, ख्रिस्ती घरात जेवणाआधीची प्रार्थना असते, तिथे दोन्ही जुळतात. पण प्रभुभोजनाचे शब्द इथे म्हणू नका आणि चर्चमधला पवित्र ख्रिस्तप्रसाद कधीही घरी आणू नका. कॅथलिक नियमांत अपवित्र हेतूने तो नेणे हा चर्चमधून आपोआप बहिष्कृत करणारा गुन्हा आहे, आणि तुमचा हेतू चांगला असला तरी त्या संस्काराला हात लावण्याचे काही कारण नाही. प्रभूची प्रार्थना म्हणून मेणबत्ती विझवा. अख्खा विधी २५ मिनिटांपलीकडे गेला तर काहीतरी कापा. लांबलेला विधी तिसऱ्या महिन्यात बंद पडतो.

मरीयेबद्दल वेगळे लिहावे लागेल, कारण सगळ्यात जास्त घसरण तिथे होते. प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायातली स्त्री पायाखाली चंद्र घेऊन येते, म्हणून मरीयेला चंद्रदेवी करून टाकण्याचा मोह होतो. ‘स्वर्गाची राणी’ हे चर्चमध्ये मरीयेचे बिरुद आहे, पण यिर्मयाच्या ७ व्या आणि ४४ व्या अध्यायांत त्याच शब्दांनी एका परक्या देवीचा उल्लेख येतो, आणि तिच्यासाठी पोळ्या भाजण्याचा तिथे धिक्कार केला आहे. चंद्रकोरीच्या आकाराची बिस्किटे करून ‘स्वर्गाच्या राणीला’ वाहायची कल्पना सुंदर वाटते. ती करण्याआधी हे दोन अध्याय वाचा. मरीयेला विधीत आणायचे तर लूकच्या पहिल्या अध्यायातले तिचे स्वतःचे गीत घ्या. त्यात ती स्वतःकडे बोट दाखवत नाही, प्रभूला थोर मानते.

तुमच्या चर्चमधले कोणी आक्षेप घेतील तर त्यांच्या हातात खरी वचने आहेत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या ४ थ्या अध्यायात चंद्राला नमन करू नका असे आहे, १८ व्यात शकुन, जादूटोणा आणि मृतांना विचारणे यांची बंदी आहे. म्हणून भविष्य सांगणारे पत्ते या विधीत ठेवू नका. दुसऱ्या बाजूला, नवचंद्राच्या सणावरून कोणी तुमचा न्याय करू नये असे कलस्सैकरांस पत्राच्या २:१६ मध्ये आहे, पण तिथे विषय यहुदी सणांचा आहे. त्या वचनावर सगळा भार टाकू नका. सातव्या शतकातल्या बिशप एलिजियसच्या नावावरच्या प्रवचनात तर नव्या चंद्राला काम सुरू करायला घाबरू नका, देवाने चंद्र काळ दाखवायला आणि रात्रीचा काळोख सौम्य करायला केला, असे सांगितले आहे. शुभ-अशुभाची भीती विधीत शिरली तर याची आठवण ठेवा.

थोडे धोक्याचे. उदासाठी झटपट पेटणारा कोळसा वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एका वेळी उदाचे ३-४ खडे पुरतात. सेलेनाइटला नाव चंद्राचे असले तरी तो जिप्सम आहे, पाण्यात झिजतो; मॅलेकाइटमध्ये तांबे असते, ते पिण्याच्या पाण्यात टाकू नका. मांजर असेल तर टी ट्री तेल वापरू नका. बाहेर नैवेद्य ठेवायचा तर कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका नकोत. कुत्र्यांना ते विषारी आहेत.

वर्षभरात १२ किंवा १३ अमावस्या येतात. सगळ्या जमल्या नाहीत तर ईस्टरच्या आधीची एक तरी धरा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या चर्चच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि त्या पौर्णिमेचा चांद्रमास चर्चच्या गणनेत ८ मार्च ते ५ एप्रिल यांदरम्यान सुरू होतो. त्या नव्या चंद्रापासून दिवस मोजण्याचे काम चर्च शतकानुशतके स्वतःच करत आले आहे.

मागण्यांचा कागद बायबलात ८१ व्या स्तोत्रापाशी ठेवा आणि साधारण १३-१४ दिवसांनी, पौर्णिमेला, उघडा. त्या स्तोत्रात नवचंद्र आणि पौर्णिमा एकाच वचनात येतात. दुसरी ओळ, म्हणजे तुम्ही स्वतः करायचे होते ते, आधी वाचा. ढगांमुळे कोर दिसली नव्हती तर पश्चिमेकडे तोंड करून तेच शब्द म्हटलेले चालतात.