अमेरिकेत नवा सरकारी फॉर्म काढण्याआधी साठ दिवस लोकांचं म्हणणं मागवतात. आपल्याकडे अशा नोटिसा आणि हरकतींच्या मुदती कुठे बघायच्या, कशा लक्षात ठेवायच्या? (मी नाशिकला असतो, काम अमेरिकन कंपनीचं करतो.)

अमेरिकेचा भाग आधी उरकतो, कारण तिथे तो सोपा करून ठेवलाय. १९९५ चा पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट. दहा किंवा जास्त जणांना तेच प्रश्न विचारायचे असतील, तर खात्याला आधी फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. मग प्रस्ताव व्हाइट हाऊसच्या अंदाजपत्रक कार्यालयाकडे जातो आणि तीस दिवसांची दुसरी नोटीस निघते. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची. फॉर्मवर नियंत्रण क्रमांक छापलेला असतो. चालू क्रमांक नसेल तर फॉर्म भरला नाही म्हणून दंड करता येत नाही. रजिस्टर शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून रोज निघतं, हवं ते खातं निवडून ईमेल लावून ठेवा. पहिली नोटीस सोडून दुसरीची वाट बघू नका. प्रश्न बदलायचा असेल तर तो साठ दिवसांतच बदलतो, नंतर फक्त स्वल्पविराम हलतात.

आपल्याकडे माहिती गोळा करण्याच्या फॉर्मसाठी असं काही नाही. जनगणनेचे प्रश्न राजपत्रात येतात ते अंतिम होऊनच; २०२० साली घरयादीचे ३१ प्रश्न असेच आले. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ खाली सरकार अधिसूचना काढतं आणि आपण माहिती द्यायची. तेव्हा तो शोध सोडा. आपल्याकडे आहेत त्या ‘हरकती व सूचना’, आणि प्रत्येक कायद्याचं घड्याळ वेगळं.

विकास आराखड्यातलं जागेचं आरक्षण बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ३७, मुदत एक महिना. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जात असेल तर महामार्ग अधिनियमाच्या कलम ‘३ए’ ची अधिसूचना आणि ‘३सी’ खाली हरकतीला फक्त २१ दिवस. सुरत-चेन्नई महामार्ग जिल्ह्यातल्या ज्या गावांतून आखला, तिथल्या लोकांना हा आकडा चांगला ठाऊक आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ च्या अधिसूचनेनंतर ६० दिवस. पर्यावरण मंत्रालयाच्या मसुद्यांना ६० दिवस, प्रकल्पाच्या जनसुनावणीला किमान ३० दिवसांची नोटीस. झाड तोडायचं असेल तर जाहिरात आणि झाडावर चिकटवलेला कागद, मुदत बहुतेक वेळा सातच दिवस. प्रभाग रचनेला पंधरवड्याच्या आसपास, तीही सणासुदीत.

आता माझ्या दुखऱ्या नसेवर या. हे दिवस सगळे सांगतात; कुठल्या तारखेपासून मोजायचे ते कोणी सांगत नाही. आमच्या कॉलनीजवळच्या क्रीडांगणाचं आरक्षण वगळून जागा रहिवास विभागात घ्यायचा प्रस्ताव आला. कलम ३७. कार्यालयाचं नाव घेत नाही, ते आजही तसंच चालतं. मंगळवारी, महिन्याच्या १० तारखेला, पेपरात आतल्या पानावर निविदांच्या गर्दीत बोटभर जाहिरात. आमच्याकडचे नाना महसूल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचा शब्द अंतिम. ते म्हणाले, पेपरात आलं त्या दिवसापासून महिना, म्हणजे पुढची १० तारीख. घाई नको, सह्या गोळा करा. १४० सह्या झाल्या. एक दिवस हाताशी ठेवून ९ तारखेला अर्ज दिला, शिक्का मिळाला, पेढे खाल्ले.

सुनावणीच्या यादीत आमच्यासमोर शेरा होता: ‘मुदतीनंतर प्राप्त’.

जाहिरातीतच, शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: ‘सदर सूचना शासन राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून एक महिन्याच्या आत’. राजपत्र होतं ५ तारखेच्या गुरुवारचं. महिना तीस दिवसांचा, म्हणजे मुदत संपली पुढच्या ५ ला. तो शनिवार. राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे आवक टेबल शुक्रवारी, ४ तारखेला संध्याकाळी सव्वासहाला बंद. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी दिलेला अर्ज वेळेत धरावा, असं सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस ॲक्ट) आहे. तो आधार धरला तरी सोमवार ७ तारीख. आम्ही उगवलो बुधवारी. शिक्क्याचं काय? आवक टेबलावरचा माणूस कागद घेतो आणि शिक्का मारतो. मुदतीत आहे की नाही हे बघणं त्याचं कामच नाही. त्याच शिक्क्याने तर आमचा उशीर सिद्ध झाला.

नाना आजही म्हणतात की सह्या कमी पडल्या. सह्यांनी काहीही होत नाही. १४० सह्यांच्या एका अर्जाला एकच आवक क्रमांक पडतो, नोंदवहीत ती एक हरकत असते आणि सुनावणीचं पत्र पहिल्या सहीवाल्याला जातं. आमच्याकडे पहिली सही नानांचीच होती. चाळीस घरांनी चाळीस कारणांचे चाळीस अर्ज द्यावेत, मग अधिकाऱ्याला चाळीस उत्तरं लिहावी लागतात. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर नावं बदलून दिलेत, तर अहवालात ‘समान आशयाच्या हरकती’ म्हणून एका ओळीत निकाल.

राजपत्र कसं बघायचं? महाराष्ट्र शासन राजपत्राची ‘नाशिक विभागीय पुरवणी’ असते, भाग एक. ती साप्ताहिक आहे आणि मथळ्यावर एकच तारीख नसते, आठवड्याचा पट्टा असतो: ‘गुरुवार ते बुधवार’. गोंधळ इथेच होतो. कोणी बुधवार धरतं, कोणी संकेतस्थळावर फाइल चढली तो दिवस. तुम्ही गुरुवार धरा, तो कोणी नाकारू शकत नाही. तातडीच्या गोष्टी असाधारण राजपत्रात येतात, ते कोणत्याही वारी निघतं. म्हणून दर गुरुवारी पुरवणी आणि दर दोन दिवसांनी असाधारण, इतकं बघावं लागतं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

शोधपेटीत ‘क्रीडांगण’ टाकून काही सापडणार नाही. बऱ्याच जुन्या फायली स्कॅन केलेल्या असतात किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला कचरा. अनुक्रमणिका चाळा, ‘मौजे’ आणि सर्व्हे नंबर डोळ्यांनी शोधा. अधिसूचनेत ‘ज्याअर्थी… आणि ज्याअर्थी…’ असं पानभर चालतं, ते सोडून थेट ‘त्याअर्थी’वर या. प्रस्ताव काय, हरकत कोणाकडे आणि किती दिवसांत, हे सगळं तिथून खाली असतं.

केंद्राच्या राजपत्रात मसुदा नियम भाग दोन, खंड ३ मध्ये येतात: उपखंड (एक) मधल्यांच्या क्रमांकाआधी सा.का.नि. (इंग्रजीत G.S.R.), उपखंड (दोन) मधल्यांच्या आधी का.आ. (S.O.). आधी हिंदी, मग इंग्रजी. पहिल्या पानावर डोक्याशी लांबलचक क्रमांक असतो, त्यातले आठ आकडे ही प्रसिद्धीची तारीख. उदाहरणार्थ ०३०१२०२५ म्हणजे ३ जानेवारी २०२५. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा त्या दिवशी आला. मुदत १८ फेब्रुवारी होती, पुढे ५ मार्च झाली. हा क्रमांक बघायची सवय लावा, कारण खाली छापलेली तारीख वेगळी असू शकते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्यावर २३ मार्च आहे, राजपत्रात तो आला ११ एप्रिलला. ती मुदत शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने ११ ऑगस्टपर्यंत नेली. पण न्यायालयावर विसंबून कोणी तारखा मोजू नयेत.

पेपर तरीही बघावाच लागतो, कारण झाडांच्या, जनसुनावणीच्या आणि वीजदराच्या जाहिराती तिथेच आधी दिसतात. खपाचा मोठा पेपर एकटा पुरत नाही. कायद्यात ‘स्थानिक भाषेतलं एक’ एवढंच असतं, आणि ते एक कुठलं हे जाहिरात देणारा ठरवतो. पाच-सहा पेपर घरी घेणं परवडत नसेल तर नाशिकच्या ‘सार्वजनिक वाचनालया’त जा. १८४० पासूनची संस्था आहे. तिथे बसून फक्त जाहीर प्रगटनांची पानं उलटायची, अग्रलेखात अडकायचं नाही. नोटीस सापडली की पूर्ण पानाचा फोटो काढा, वरच्या तारखेसकट. कात्रण कापलं की तारीख जाते. व्हॉट्सॲपवर फिरणारं कात्रण तर नेहमी तारखेविनाच असतं, आणि बहुधा मुदत संपल्यावर पोहोचतं. नाशिकच्या तपोवनातल्या झाडांवर नोटिसा लागल्या तेव्हा तर मागची आणि ताजी कात्रणं एकत्र फिरत होती.

नोंद ठेवायला ॲप लागत नाही. वहीत आडवे रकाने पाडा: विषय व कलम, राजपत्राची तारीख, पेपरची तारीख, कोणापासून मोजायचं (नोटिशीतले शब्द जसेच्या तसे उतरवून), शेवटचा दिवस, त्याचा वार, अधिकारी, आवक क्रमांक. वाराचा रकाना विसरू नका. दोन तारखांपैकी जी आधीची, तिच्यापासून मोजा आणि शेवटच्या दिवसाच्या तीन दिवस आधीची तारीख लाल शाईने लिहा.

अर्जात अधिसूचनेचा क्रमांक, दिनांक आणि कलम विषयाच्या ओळीतच. नंतर जागेचं वर्णन, मग क्रमांक घालून मुद्दे, शेवटी मागणी: प्रस्ताव रद्द करावा, आणि ‘मला सुनावणीची संधी द्यावी’. ही दुसरी ओळ अर्धे लोक लिहीत नाहीत. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख वाचता येतेय का ते टेबल सोडण्याआधी बघा. न वाचता येणारा पुसट शिक्का म्हणजे पोच नव्हे. नोटिशीत ज्या अधिकाऱ्याचं नाव आहे त्याच्याकडेच द्या. नियोजनाचा विषय महापालिकेचा असेल तर तिचं मुख्यालय राजीव गांधी भवन, नगररचना सहसंचालकांकडे बोलावलं असेल तर तिथे. ‘सगळीकडे एक-एक प्रत’ देऊन मूळ ठिकाणी न देणारे मी पाहिलेत. स्पीड पोस्टाने पाठवलंत तर टाकल्याची नव्हे, पोहोचल्याची तारीख धरतात. ईमेल जरूर करा, पण जोडीला. दहा फोटो जोडलेला मेल भरलेल्या पेटीवरून परत येतो आणि आपण पाठवल्याच्या समाधानात राहतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वरचे दिवस कायद्यातले आहेत. नोटिशीत वेगळे दिले असतील तर नोटीस धरा, आणि मुदतवाढीची वेगळी सूचना निघाली आहे का तेही बघा. उशिरा आलेली हरकत ऐकूच नये असंही नाही. आमचं म्हणणं अधिकाऱ्याने पाच मिनिटं ऐकलं, अहवालात घेतलं नाही इतकंच. आणि वेळेत दिली असती तर मैदान वाचलं असतं असा माझा दावा नाही; कलम ३७ मध्ये शेवटचा शब्द राज्य शासनाचा असतो. नाना नेमका हाच मुद्दा पकडतात, ‘मग तारखेने काय फरक पडला असता?’ फरक एवढाच की वेळेतली हरकत फाइलबरोबर मंत्रालयात जाते आणि फेटाळायची तर कारण लिहावं लागतं.

आमची कुठवर गेली ते बघायला माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्रात तसा नियम आहे. मागितलंय एवढंच: आवक नोंदवहीतल्या त्या दोन तारखांमधल्या पानांच्या प्रती आणि सुनावणीचा अहवाल. या वेळी सही मी केली आहे, आणि तीस दिवस कुठून मोजायचे ते नानांना विचारलेलं नाही.