तुळशीला दिवा, पण कोणता?

अगं, घरातल्या तुळशीला उन्हाऐवजी लावायचा विजेचा दिवा कोणता घेऊ, असं विचारलंस ना? टोरांटोच्या डिसेंबरात दिवस जेमतेम 9 तासांचा, त्यात तुझी खिडकी उत्तरेची. तुळस काडीसारखी लांबणारच. दिवा घे, पण खोक्यावरच्या ‘1000 वॉट’ला भुलू नकोस, तो आकडा जुन्या दिव्यांशी तुलना करून फुगवलेला असतो. प्रत्यक्षात वीज किती खातो ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तेवढंच वाच. एक तुळस नि एक कढीपत्ता, खरे 30-40 वॉट पुरे.

जांभळ्या उजेडाचा मुळीच नको. मी पहिल्या वर्षी घेतला होता. पानं सगळी काळपट दिसायची, मावा ही कीड पडलेली आठवडाभर कळलीच नाही. वर शेजारीण विचारते, घरात चाललंय तरी काय? साधा पांढरा, 4000 केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगछटेचं माप, खोक्यावर असतं) आसपासचा एलईडी घे आणि शेंड्यापासून दीड वीत वर टांग. शेंड्याची पानं फिकट पडून वळायला लागली तर चार बोटं वर घे. पेरं, म्हणजे खोडावर पानांच्या दोन जोड्यांमधली अंतरं, लांब पडायला लागली तर खाली. टायमरवर 14 तास, रात्री बंद.

आणि हो, दिवा लागला की माती लवकर सुकते. पाणी घालायच्या आधी बोट खुपसून बघत जा.